बांध त्यानेच फोडला

भात कापायला आलं की माझं डोकं फिरतं. दिवाळीच्या सुट्टीत लोकांना फराळ आठवतो, माहेर आठवतं. मला एक हत्ती आठवतो. बुद्धिबळाच्या पटावरचा, उंटाच्या बदल्यात मिळालेला, आणि शेवटपर्यंत कवडीच्या उपयोगी न पडलेला. शहापुरात माझ्या खिडकीखाली आता शेत उरलेलं नाही, तरी सापगावच्या बाजूने पेंढा भरलेला टेम्पो गेला की तो कोरडा, गोडसर वास घरात शिरतोच. मी खिडकी लावून घेते. घरचे म्हणतात, हिला भाताच्या धुळीचा त्रास आहे. असू दे. धुळीचा त्रास चारचौघांत सांगायला सोपा असतो.

मी मुरबाडकडच्या एका शाळेत गणित शिकवते. बुद्धिबळ खेळायचे, आता खेळत नाही, पंचाचं काम करते. आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा मला मनापासून राग आहे. हल्ली ते प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये बसलेलं असतं. पटाच्या कडेला एक उभी पट्टी आणि तिच्यावर आकडा. अधिक दोन म्हणजे पांढरा वरचढ, उणे दोन म्हणजे काळा. पोरं पट बघतच नाहीत, आकडा बघतात. "बाई, मी जिंकत होते, अधिक चार होतं," असं हरलेली मुलगी मला सांगते, तेव्हा तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते. अगं, चार होतं तर गेलं कुठे?

सापगावला आमच्या खळ्यावर भाताची रास पडली की वडील कुणाला अंदाज करू द्यायचे नाहीत. "यंदा किती भरेल हो?" असं कुणी म्हटलं की खेकसायचे, "राशीला आकडा लावू नका. आधी मापून होऊ दे." मापायला बसल्यावरही पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दोन, मग तीन. लहानपणी मला हा शुद्ध अडाणीपणा वाटायचा. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला आकड्याची कसली भीती? भीती आकड्याची नव्हती, तो आधी बोलण्याची होती, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आणि त्यासाठी सोमाचा खिसा उलटा करावा लागला.

सोमा आमच्या सापगावच्या शेताचे बांध घालायचा. गावाबाहेरच्या वाडीत राहणारा, स्वतःच्या नावावर वीतभर जमीन नाही, पण शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांत कुणाचा बांध फुटला की आधी त्याला बोलावणं जायचं. पावसात तो गुडघाभर चिखलात नुसताच उभा राहायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वडील वैतागायचे. मग तो वाकून बांधाच्या पोटात हात घालायचा आणि बरोब्बर खेकड्याचं बीळ सापडायचं. त्यात गवत आणि चिखल कोंबून तो टाचेने दाबून टाकायचा. एकदा मी विचारलं होतं, तुला कळतं कसं? म्हणाला, "पानी कुठं जाईल ते बघायचं, बाई. आपुन कुठं उभा हाय ते नाय."

भात झोडून झालं की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जायची. सोमाही जायचा. तिथेच एका ट्रक ड्रायव्हरने त्याला बुद्धिबळ शिकवलं. पट फळीवर कोळशाने आखलेला, आणि मोहरे विटांच्या मातीचे, हाताने वळून भट्टीतच भाजलेले. त्याच्या घोड्यांना कान होते, तोंड नव्हतं. मी ते मोहरे पाहिले तेव्हा हसले होते. कौतुकाने हसले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते कौतुक नव्हतं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मुरबाडला एका हॉलमध्ये स्पर्धा होती. बाहेर सगळीकडे कापणी चाललेली, रस्त्याच्या कडेला भारे रचलेले, हॉलच्या पायऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांना चिकटून आलेली भाताची पानं. पहिल्या येणाऱ्याला जिल्ह्याच्या संघात आमच्या भागाची एकुलती एक जागा मिळणार होती. ती माझीच आहे, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर सोमा आला. आम्ही दोघंही तोवर एकही डाव हरलो नव्हतो, पण त्याचा अर्धा गुण जास्त होता. त्याला बरोबरी पुरेशी होती, मला जिंकायलाच हवं होतं.

विसाव्या चालीच्या आसपास त्याने हत्ती देऊन माझा उंट घेतला. मला हसूच आलं. हत्ती उंटाहून मोलाचा, पोरंसुद्धा असा व्यवहार करत नाहीत. त्यानंतर त्याने एकेक प्यादं पुढे सरकवून माझ्या प्याद्याला भिडवलं आणि तिथेच थांबवलं. डावीकडून सुरुवात, उजवीकडे शेवट. प्याद्यांना मागे येता येत नाही आणि समोर कुणी उभं असेल तर पुढेही जाता येत नाही. बघता बघता पटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग बांध तयार झाला. एकच घर पोकळ राहिलं होतं, तिथे त्याने घोडा आणून बसवला. टाचेने चिखल दाबावा तसा. माझ्या एकाच प्याद्यापुढे एक घर मोकळं होतं, पण तिथे गेलं की ते फुकट मरणार होतं.

आता माझ्याकडे दोन हत्ती, त्याच्याकडे एक. पण हत्तीला चालायला मोकळी पट्टी लागते आणि पटावर मोकळी पट्टी एकही नव्हती. मी हत्ती इकडून तिकडे नेले, तिकडून इकडे आणले. वजीर फिरवून पाहिला. सोमा आपला राजा एक घर उजवीकडे न्यायचा, एक घर डावीकडे. मध्येच उठून बाहेर जायचा, परत यायचा, राजा डावीकडे. मला घाम फुटला. पन्नास चालींत कुणी काही मारलं नाही आणि एकही प्यादं हललं नाही, तर डाव बरोबरीत सुटतो असा नियम आहे. पन्नास चाली झाल्या. सोमाने हात पुढे केला. नखांत माती होती. मी तो हात हातात घेतला आणि तशीच उठून पंचांकडे गेले.

तक्रार मी लिहिली. कुणी माझ्याकडून लिहवून घेतली नाही. 'सदर खेळाडू डाव चालू असताना दोनदा बाहेर गेला. त्याच्या खिशात मोबाइल असावा. यंत्राची मदत घेतल्याचा संशय आहे.' अक्षर सुंदर आलं होतं. फळ्यावर लिहून लिहून माझं अक्षर सुंदरच आहे.

त्याच्या जागी कल्याणचा एखादा डॉक्टर असता तर मी हे लिहिलं असतं का? नसतं. घरी जाऊन रडले असते आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं असतं, काय सुरेख वाचवला डाव! पण वाडीवरचा, सातवीत शाळा सोडलेला माणूस आपल्याला अडवतो, ते त्याच्या डोक्याने, हे माझ्या गळ्याखाली उतरलं नाही. म्हणजे डोकं दुसऱ्या कुणाचं तरी असणार. ओघाने आलंच.

भर हॉलमध्ये त्याचा खिसा तपासला. लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. चुन्याची डबी निघाली, घडी घालून चिरलेली आधार कार्डाची झेरॉक्स निघाली, आणि एक मातीचं प्यादं. मोबाइल नव्हता. त्याच्याकडे मोबाइलच नव्हता, वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. सोमाने डबी उचलली, झेरॉक्स उचलली आणि माझ्याकडे न बघता पंचांना विचारलं, "पायजमा पन काढू का?"

तरीही आयोजकांपैकी एक सर म्हणाले, नियमाप्रमाणे डाव यंत्रावर तपासून घेऊ. या सरांचे तळहात कायम स्वच्छ असायचे, आणि त्यांचं लॅपटॉपशिवाय पान हलत नसे. त्यांनी डाव यंत्राला भरवला. सोमाच्या चालींखाली लाल खुणा उमटत गेल्या. हत्ती दिला ती चाल, घोडचूक. प्यादी भिडवली, चूक, चूक, चूक. शेवटच्या स्थितीवर यंत्राचं मत, अधिक दोन पूर्णांक आठ. पांढरे मोहरे माझे, म्हणजे मी जिंकलेली. सर हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मदत घेतली असती तर इतका वाईट खेळला नसता. क्लीन आहे. नशिबाने वाचला." हॉल हसला. चोर नाही, मूर्ख आहे, असं प्रशस्तिपत्र देऊन त्याला सोडलं.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला बरं वाटलं. मी जिंकत होते, हे यंत्राने सांगितलं होतं ना.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे वडापावाकडे पळाले. सोमा तिथेच उभा राहिला आणि सरांना म्हणाला, "तो म्हनतो बाई जिंकल्यात. मंग त्याला सांगा, जिंकून दाखव. मी बसतो."

सरांनी गंमत म्हणून तीच स्थिती मांडली. यंत्राकडे माझी बाजू, सोमाकडे त्याची. बघायला आम्ही चौघं. यंत्राने हत्ती इकडून तिकडे नेला, तिकडून इकडे आणला. वजीर फिरवला. हुबेहूब माझ्यासारखं, फक्त घाम न येता. सोमाचा राजा उजवीकडे, डावीकडे. आकडा तोच, अधिक दोन पूर्णांक आठ. दहा चाली झाल्या, वीस झाल्या, तीस झाल्या, आकडा हलेना. सरांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

यंत्राला हे का कळत नव्हतं, यावर मी नंतर वर्षभर डोकं आपटलं. एकदा आठवीतल्या एका मुलीला मी सांगितलं होतं, दोन सम संख्यांची बेरीज समच येते हे सिद्ध कर. तिने दोन वह्या भरून बेरजा करून आणल्या. सगळ्या बरोबर. सिद्ध मात्र काहीच झालं नव्हतं, कारण पुढची बेरीज विषम येणारच नाही, हे त्या बेरजा सांगत नव्हत्या. यंत्र असंच वह्या भरतं. ही चाल, मग ती, मग ती. माणसाच्या बापजन्मी जमणार नाही इतक्या खोल जातं आणि तिथे थांबून मोहरे मोजतं. आपला हत्ती जास्त, चला, जिंकतोय. आणखी खोल जातं, पुन्हा तेच. 'कधीच नाही' हे त्याला मोजता येत नाही. सोमा दहा मिनिटं उभा राहून बांध बघतो आणि म्हणतो, पाणी जाणार नाही. विषय संपला. यंत्र बांधाची प्रत्येक मूठ उकरून बघतं, पुढच्या मुठीत वाट असेल म्हणून.

उगाच यंत्राला कमी लेखण्यात अर्थ नाही. मोकळ्या पटावर ते सोमाला शंभरपैकी शंभर वेळा चिरडेल, मला त्याहून लवकर. सोमालाही ते माहीत होतं. "उघड्यावर तो आपल्याला खाईल," तो खेळता खेळताच म्हणाला. "म्हनून उघडायचंच नाय." नव्या यंत्रांनी म्हणे यातलं काही शिकून घेतलंय. शिकोत बापडी. माझ्या मोबाइलातलं अजूनही असा बांध दिसला की त्याला आकडा लावतं.

पंचेचाळीस चालींच्या पुढे काय झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पन्नास चाली भरत आल्या होत्या. बरोबरी म्हणजे शून्य, आणि आपल्याकडे तर दोन पूर्णांक आठ आहेत असं यंत्राला वाटत होतं. एवढं गाठीला असताना शून्य कोण घेईल? त्याने ते एकुलतं मोकळं प्यादं ढकललं. फुकट. बांध उघडावा म्हणून. थोडं सोडलं तरी आपल्याकडे बरंच उरेल असा त्याचा हिशोब. सोमाने ते प्यादं मारलं, घोडा उठवला आणि त्या खिंडारातून आत घातला. आकडा एकवर आला. मग शून्यावर. आणखी तीन चालींनी समोर उणे दिसलं, आणि ते वाढायला लागलं. आत शिरायला वाट करून द्यावी आणि शत्रूच त्या वाटेने यावा, तसं झालं.

सोमा डाव पुरा करायला थांबला नाही. भिंतीवरचं घड्याळ बघून उठला. सापगावच्या शेतात त्याचा विळा पडलेला होता, उन्हं उतरायच्या आत उरलेले भारे बांधायचे होते. जाताना म्हणाला, "बांध त्यानंच फोडला. मी नाय."

तो सरांना म्हणाला, यंत्राकडे बघून. माझ्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं. मीही तेच केलं होतं. माझा हत्ती जास्त आहे, मग मी जिंकायलाच हवी. जिंकत नसेन तर मधल्या बांधाचा दोष नाही, समोरचा चोर आहे. आणि कहर असा, की ज्या तऱ्हेच्या स्थितीत यंत्राला काडीचं कळत नाही, नेमक्या त्याच स्थितीत यंत्राची मदत घेतल्याचा आळ मी घेतला होता. गणिताच्या बाई!

पण हे बघायला चौघंच होते. खिसा उलटा झाला तेव्हा अख्खा हॉल होता. लोकांच्या लक्षात खिसाच राहिला. संघाच्या यादीवर सही करायला सोमा आलाच नाही, भात झोडून तो भट्टीवर निघून गेला. जागा मला मिळाली. आणि मी गेले. नको म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. ठाण्याला तीन डाव खेळले, तिन्ही हरले. त्याला मात्र नाव पडलं, 'मोबाइल सोमा'. आसनगाव स्टेशनात, मुरबाडच्या बाजारात, कापणीच्या ओळीतसुद्धा. "काय रे मोबाइल, चार्जिंग केलास का?" ज्याच्याकडे मोबाइल नव्हता त्याला. मी दोनदा स्वतःच्या कानाने ऐकलं आणि दोन्ही वेळा बस पकडायची घाई असल्यासारखी पुढे गेले.

यंदा हळव्या, म्हणजे आधी पिकणाऱ्या भाताची कापणी लवकर आली. वडील गेल्यापासून शेत चुलतभाऊ बघतात. मी सापगावला गेले तेव्हा सोमा वरच्या खाचरात होता. कापून झालेल्या तुकड्यात ओल धरून ठेवायची होती, वाल टाकायचे होते, म्हणून तो बांधातली पाणी सोडायची मोरी बुजवत होता. केस पिकलेत. मी बांधावर बसले आणि एकदाचं बोलले. चुकलं म्हटलं. तक्रार खोटी होती, मला माहीत होतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं, असं सगळं. तो चिखल दाबत राहिला.

"इथं कशाला सांगता, बाई?" तो शेवटी म्हणाला. "या बांधावर मला कोन मोबाइल म्हनत नाय. जिथं खिसा बघितला तिथं सांगा."

मी म्हटलं, रविवारी त्याच हॉलमध्ये स्पर्धा आहे, पंच मीच आहे, माइकवर सांगते. त्याने मग हात पाण्यात धुतले, बराच वेळ धुतले. "माजी मंगल येनाराय खेळायला. सातवीत हाय. तिला शाळेत मोबाइलची पोर म्हनतात." आणि मग माझ्याकडे बघून, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, "तिचा खिसा नका बघू, बाई."

चार दिवस मी ते भाषण लिहीत होते. खोडत होते, परत लिहीत होते. सोमाचं पूर्ण नाव घालायचं, माझं नाव घालायचं, तो डाव मोठ्या फळ्यावर मांडून दाखवायचा, बांध कुठे होता ते पोरांना दाखवायचं. यंत्राचा आकडा आधी सांगायचा आणि मग ते कसं फसलं ते. कुठेही 'गैरसमज' हा शब्द येऊ द्यायचा नाही. गैरसमज नव्हता तो.

रविवारी हॉल तोच होता आणि पायऱ्यांवर भाताची पानंही तशीच होती. माइकवाल्याने दोनदा फुंकर मारून बघितली. मी कागद उघडून स्टेजकडे निघाले, तेवढ्यात पहिल्या टेबलापाशी एक बारकी, दोन वेण्या घातलेली मुलगी उभी दिसली. बाकीची पोरं आपापल्या खुर्च्यांत केव्हाच बसली होती. ही बसली नव्हती. मी जवळून जाते आहे असं पाहून तिने फ्रॉकचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले. अर्धा खाल्लेला पेरू, एसटीचं तिकीट आणि कान असलेला, तोंड नसलेला मातीचा घोडा तिने टेबलावर ओळीत मांडला.

"बाई, बगून घ्या," मंगल म्हणाली. "मंग बसते."

मी माइकवर सगळं बोलले. एक शब्द गाळला नाही. पण ते खिसे माझ्या बोलण्याआधी उलटे झाले होते.